झुंडाप बेला : जुनी जर्मन स्कूटर उघडण्याआधी या चुका टाळा

बेला दिसायला स्कूटर आहे, पण आतून मोटरसायकल आहे. पायाने टाकायचे चार गिअर, १२ इंची चाकं, मागच्या चाकाला साखळी, आणि इंजिन थंड करायला पंखा नाही! व्हेस्पा किंवा लॅम्ब्रेटावर हात बसलेला माणूस तिला त्याच सवयीने हाताळतो आणि इंजिनाचं नुकसान करून बसतो.

झुंडाप कंपनी १९१७ साली न्यूरेंबर्गमध्ये सुरू झाली, ती तोफगोळ्यांचे फ्यूज बनवायला. ‘झुंडर उंड अपाराटेबाउ’ या नावाचं आखूड रूप म्हणजे झुंडाप. बेला १९५३ साली आली आणि १९६४ पर्यंत साधारण १,३०,००० गाड्या बाहेर पडल्या. आराखड्यामागची प्रेरणा पारिला या इटालियन कंपनीच्या लेव्रिएरे स्कूटरची, म्हणून नावही इटालियन. कंपनी १९८४ साली बुडाली.

सगळ्या बेला एकच समजणं

आर १५०, आर २००, आर २०१, आर १५४, आर २०४ ही मॉडेलांची यादी नुसती रंगांची नाही. आर २०० ला १० अश्वशक्ती, तर आर २०४ ला १३.४. सुरुवातीच्या गाड्यांना टेलिस्कोपिक फोर्क, नंतरच्यांना झुलता फोर्क. ‘बेला २०० चा पिस्टन’ एवढंच सांगून मागवलेला भाग हमखास चुकतो. चासी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही लिहून घ्या. इतक्या वर्षांत इंजिन बदललेलं असणं अगदी साधी गोष्ट आहे, त्यामुळे इंजिनाचे भाग इंजिनाच्या नंबरावरूनच मागवा.

ऑइल ‘चेतकएवढं’ टाकणं

टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. आपल्याकडे जुन्या बजाज चेतकमुळे हाताला सवय लिटरमागे २० मिलीची. बेलाचं जुनं प्रमाण १:२५ आहे, म्हणजे लिटरमागे ४० मिली; पाच लिटर पेट्रोलला २०० मिली. धूर नको म्हणून ऑइल अर्ध्यावर आणलं की क्रँकचे बेअरिंग आणि पिस्टन दोन्ही धोक्यात येतात. मिश्रण बाहेर कॅनमध्ये करा, टाकीत ओतून गाडी हलवण्याचा उद्योग नको. उभ्या गाडीत ऑइल खाली बसतं, म्हणून चार दिवसांनी गाडी काढताना आधी टाकी हलवून घ्या.

पिस्टन पकडण्याचं, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होण्याचं, आणखी एक कारण घाटाच्या उतारावर सापडतं. थ्रॉटल पूर्ण बंद, गाडी गिअरमध्ये, इंजिन जोरात फिरतंय. पण पेट्रोल जात नाही म्हणजे ऑइलही जात नाही. लांब उतारावर दर काही सेकंदांनी थ्रॉटलला हलका झटका द्या, नाहीतर क्लच दाबून ठेवा.

हवेचा मार्ग बंद करणं

पुढून शिरलेली हवा मधल्या बोगद्यातून सिलिंडरपर्यंत जाते, थंडावा तेवढाच. गॅरेजमध्ये उभी करून वीस मिनिटं ‘जरा चालू ठेवू’ म्हणणं या इंजिनाला मानवत नाही. ट्यूनिंग करताना मोठा टेबलफॅन सिलिंडरकडे तोंड करून लावा. रंगकामानंतर आतले पत्रे आणि रबरी पट्ट्या परत बसवल्या आहेत ना, बोगद्यात जुना कपडा किंवा उंदराचं घरटं राहिलेलं नाही ना, हेही पाहा. हसू नका, वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या गाडीत दोन्ही सापडतात.

प्रत्येक दोष कार्ब्युरेटरवर ढकलणं

सर्वांत जास्त पैसे आणि वेळ इथे वाया जातात. आयडलिंग जमत नाही, थ्रॉटल सोडला तरी आवाज उशिरा उतरतो, गरम झाल्यावर गाडी स्वतःच वेग धरते. लोक बिंग कंपनीचा कार्ब्युरेटर तीन वेळा खोलतात, जेट बदलतात. खरा चोर बहुतेक वेळा क्रँकचं ऑइल सील (क्रँकच्या टोकाशी हवा-ऑइल अडवणारं रबरी कडं) असतं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकभोवतीचं कवच, म्हणजे क्रँककेस, हाच मिश्रण ओढणारा पंप. सील कडक झालं की तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. पातळ मिश्रण म्हणजे जास्त उष्णता, आणि शेवटी पिस्टनला भोक.

सील कोणत्या बाजूचं गेलंय ते लक्षणांवरून कळतं. डायनॅमोच्या बाजूचं गेलं तर वर सांगितलेला पातळपणा येतो. क्लचच्या बाजूचं गेलं तर इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढतं: पांढरा दाट धूर, ओला प्लग, आणि पंधरा दिवसांत खाली गेलेली त्या ऑइलची पातळी.

खात्रीसाठी इनलेट आणि एक्झॉस्ट रबरी बुचाने बंद करा, प्लगच्या भोकातून हातपंपाने ०.३ ते ०.४ बार दाब भरा. पाच-सहा मिनिटं काटा जागेवर राहायला हवा. उतरला तर जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे जागा दाखवतील. जास्त दाब देऊ नका, चांगली सीलही निसटतात.

प्लगचा आकडा उलटा वाचणं

प्लग स्वतःची उष्णता किती लवकर बाहेर टाकतो ते त्याचा आकडा सांगतो; लवकर टाकणारा तो थंड प्लग. जुन्या पुस्तिकेत बॉशचा आकडा २२५ असा असतो. त्या मोजणीत मोठा आकडा म्हणजे थंड प्लग. बॉशने पुढे मोजणी उलटी केली, आता लहान आकडा थंड. जुना २२५ म्हणजे नवा ५, जुना १७५ म्हणजे नवा ७. एनजीकेत मात्र मोठा आकडाच थंड. गोंधळात गरम प्लग लागला की पिस्टनचा माथा वितळतो.

टायमिंग आधी, पॉइंट नंतर

क्रम उलटा हवा. आधी पॉइंटची (ठिणगीसाठी वीज तोडणाऱ्या संपर्काची) फट फिलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्टीने, ०.४ मिमी, मग टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ. फट बदलली की टायमिंग सरकतंच. या जुन्या इंजिनांचं टायमिंग बहुधा पिस्टन वरच्या टोकापासून किती मिमी खाली, असं दिलेलं असतं. ते अंश समजू नका. प्लगच्या भोकात डायल गेज (पिस्टनची हालचाल मोजणारं काट्याचं माप) बसवा. पेन्सिल घालून अंदाज घेणारे पुष्कळ, पण एक मिमीची चूकही इथे फार होते.

पावडर कोटिंगनंतर ‘स्टार्टर मेला’

विजेच्या स्टार्टरच्या बेलांत एकच यंत्र स्टार्टर आणि डायनॅमो दोन्हीचं काम करतं. १२ व्होल्टसाठी बहुधा सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडतात. एक नवी आणि एक जुनी असं चालत नाही. जुनी कायम उपाशी राहते आणि नवीलाही ओढते. दोन्ही एकदम बदला.

नव्या रंगाच्या गाडीत स्टार्टर नुसता टक टक करत असेल तर तो खोलण्याआधी अर्थिंग पाहा. पावडर कोटिंग म्हणजे भुकटी भाजून बसवलेला रंग; त्याचा थर वीज जाऊ देत नाही. फ्रेम आणि इंजिनावर अर्थच्या बोल्टखालचा रंग खरवडून धातू उघडा करा, घट्ट आवळा, वर ग्रीस लावा. स्टार्टर फिरवताना बॅटरीचं ऋण टोक आणि इंजिनाचं कवच यांत मीटर धरा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष तारेत किंवा जोडात आहे.