उन्हाळी भाजीपाला: सांडपाण्यातली औषधं विहिरीत उतरली आहेत का, ते तपासा

होळी उलटली की हवेली-दौंड पट्ट्यात मुळा-मुठेला स्वतःचं पाणी फारसं उरत नाही. वाहतं ते बहुतेक शहराचं सांडपाणी. पावसाळ्यात जे विरळ होऊन जातं, ते आता दाट होतं. त्यात औषधंही असतात. काही गोळ्यांचा अंश लघवीवाटे तसाच बाहेर पडतो आणि सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात तो पूर्ण निघत नाही.

नेहमीच्या पाणी परीक्षणात सामू, क्षारता, सोडियम कळतं. औषधं कळत नाहीत. ती लिटरमागे नॅनोग्रॅम-मायक्रोग्रॅममध्ये असतात आणि त्यासाठी लिक्विड क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्रीची सोय असलेली प्रयोगशाळा लागते. म्हणून ‘रिपोर्ट चांगला आलाय’ एवढ्यावर विसंबू नका.

माझं मत विचाराल तर नाल्याच्या पाण्यावर पैसे घालवू नका, तिथं औषधं असणारच. नदीकाठची विहीर तपासा. खर्च बराच येतो, तेव्हा चार-पाच जणांनी मिळून एकच नमुना द्या. ‘कार्बामाझेपिन’ बघायला सांगा. हे फिटचं औषध सहजासहजी विघटित होत नाही. ते विहिरीत सापडलं, तर सांडपाणी झिरपतंय हे नक्की. सोबत चहा-कॉफीतलं, लवकर विघटित होणारं कॅफिन निघालं, तर झिरपा ताजा आहे.

नमुना तपकिरी काचेच्या बाटलीत घ्या. मोटर दहा-पंधरा मिनिटं चालवून मगच भरा, बर्फात ठेवा, त्याच दिवशी पोचवा. सांधेदुखीचं मलम लावलेल्या हातानं बाटली धरू नका; त्यातलं डायक्लोफेनॅक नमुन्यात उतरतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

हे पिकात चढतं का? चढतं. इस्रायलमध्ये सांडपाणी शुद्ध करून शेतीला देतात. तिथं तशा पाण्यावरचा भाजीपाला खाणाऱ्या निरोगी माणसांच्या लघवीत कार्बामाझेपिन वाढल्याचं 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. प्रमाण औषधाच्या डोसापेक्षा फार कमी होतं, घाबरून जाण्याजोगं नाही. पण पाण्याबरोबर ते पानात जाऊन साठतं. म्हणून अशा पाण्यावर मेथी, पालक, कोथिंबीर, चुका नकोच. झेंडू, शेवंती किंवा ऊस घ्या. चांगलं पाणी थोडंच असेल, तर ते पालेभाजीसाठी राखून ठेवा.

तुरटी फिरवून किंवा ब्लीचिंग टाकून ही औषधं पूर्ण जात नाहीत. शेततळ्यात पाणी काही दिवस उन्हात राहिलं, तर सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) आणि डायक्लोफेनॅक बरंचसं तुटतं. कार्बामाझेपिन मात्र टिकतं.

रात्री कारखान्याच्या सांडपाण्याचा टँकर नाल्यात रिकामा होताना दिसला, तर वेळ आणि जागा लिहून ठेवा, फोटो काढा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा. हैदराबादजवळच्या पाटणचेरूत औषध कारखान्यांचं सांडपाणी प्रक्रिया करून सोडलं जात होतं. त्यातही लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडलं होतं, 2007 साली.

आपल्या गोठ्यातही बघा. जनावराला ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलं असेल, तर ते शेणात येतं. त्या दिवसांतलं शेण थेट वाफ्यात न टाकता खड्ड्यात नीट तापवून कुजू द्या.