फोटो संपादनासाठी मॉनिटर कसा जुळवावा

ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंचा फोटो मॉनिटरवर सुरेख दिसतो आणि लॅबमधून येणारी प्रिंट मात्र काळवंडलेली असते, तेव्हा दोष बहुतेक वेळा लॅबचा नसतो. मॉनिटर गरजेपेक्षा जास्त उजळ असतो आणि त्याच्या भरवशावर आपण फोटो गडद करून ठेवलेला असतो. म्हणून रंगांच्या आधी ब्राइटनेसकडे पाहावे. डोळ्यांवरचा ताणही त्याने कमी होतो.

मॉनिटर सुरू करून अर्धा तास थांबावे. नाइट लाइट, ट्रू टोन, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट यांसारख्या परस्पर रंग बदलणाऱ्या सोयी बंद कराव्यात. ऐरोली-नेरूळकडच्या अनेक फ्लॅटमध्ये पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचे ऊन थेट स्क्रीनवर येते; अशा वेळी खिडकीचा पडदा ओढून खोलीतला उजेड एकसारखा आणि मंद ठेवावा. मग स्क्रीनवर कोरे पांढरे पान उघडावे, शेजारी कोरा कागद धरावा आणि दोन्हींचा उजळपणा सारखा वाटेपर्यंत ब्राइटनेस कमी करावा. ही ढोबळ पद्धत आहे, पण उपकरण नसताना तिचा मोठा आधार होतो.

रंगांसाठी मात्र नजरेवर विसंबू नये, कारण डोळा निळसर पांढऱ्यालाही थोड्याच वेळात पांढरे मानू लागतो. अशा निळसर मॉनिटरवर फ्लेमिंगोचा फिकट गुलाबी रंग निस्तेज भासतो, आपण लाल-पिवळा वाढवतो आणि प्रिंटमध्ये पिसे भडक होतात. यावर खरा उपाय कलरीमीटर, म्हणजे स्क्रीनचे रंग आणि उजळपणा मोजणारे छोटे उपकरण, हाच आहे. ते स्क्रीनच्या मध्यभागी चिकटून राहील असे टांगावे आणि त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हाइट पॉइंट (पांढऱ्याची छटा) ६५०० केल्विन, गॅमा (मधल्या छटांचा गडद-उजळपणा) २.२ आणि उजळपणा प्रति चौरस मीटर १०० ते १२० कँडेला निवडावा. सॉफ्टवेअर एकामागून एक रंगीत चौकोन दाखवते, कलरीमीटर ते मोजते आणि त्यावरून आयसीसी प्रोफाइल, म्हणजे मॉनिटर रंग कसे दाखवतो याची नोंद असलेली फाइल, तयार होते. हे प्रोफाइल त्या एकाच मॉनिटरचे असते, त्यामुळे मित्राकडून आणलेली फाइल आपल्या कामाची नाही.

शेवटी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या करड्या पट्ट्या पाहाव्यात: सर्वांत गडद दोन पट्ट्या वेगळ्या ओळखू याव्यात आणि कोणत्याही पट्टीवर हिरवी किंवा गुलाबी झाक नसावी. त्यानंतर ब्राइटनेसला हात लावू नये. लावलाच, तर मोजणी पुन्हा करावी. एरवीही ती साधारण महिन्यातून एकदा करावी.