तेजी की मंदी : क्रिप्टो बाजाराचे अंदाज कसे तोलावेत
तेजीचा आणि मंदीचा युक्तिवाद वहीत समोरासमोर लिहावा आणि तो कशामुळे खोटा ठरेल, हेही प्रत्येकाखाली नोंदवावे. एप्रिल २०२४ मध्ये बिटकॉइनच्या प्रत्येक ब्लॉकमागे, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींच्या एका गठ्ठ्यामागे, नव्या नाण्यांच्या रूपात मिळणारे बक्षीस ६.२५ वरून ३.१२५ नाण्यांवर आले. नवा पुरवठा आटल्याने भाव वाढेल, असे तेजीवाले म्हणतात, परंतु ही घट सर्वांना आधीच ठाऊक असल्याने मागणी खरोखर वाढते आहे का, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्यासाठी भावासोबत उलाढालही पाहावी. मंदीच्या बाजूने व्याजदर आणि उधारीवरचे सौदे तपासावेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९,००० डॉलरवर पोहोचलेला बिटकॉइन वर्षभरात १६,००० च्या खाली घसरला, तेव्हा अमेरिकेतील व्याजदर झपाट्याने वाढत होते. दोन्ही पारडी सारखीच वाटल्यास सौदा टाळावा.