जुनं वायरिंग बदलताना या चुका टाळा

वायरिंग नवं करायचं ठरलं की पहिला खर्च होतो तो स्विचबोर्डवर. भिंतीवर चकचकीत मॉड्युलर स्विच येतात आणि आतल्या पाइपात तीच तडकलेल्या रबराची वायर राहते. स्विचचा रंग निवडण्याआधी सगळी उपकरणं काढून, मेन बंद ठेवून ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरीच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या मीटरने) इन्सुलेशन तपासून घ्या. रीडिंग एक मेगओहमच्या खाली असेल तर ती लाइन तशीच वापरू नका.

सगळ्यात घातक चूक म्हणजे सारखा पडतो म्हणून १६ अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप लाइन तोडणारा स्विच) काढून ३२चा लावणं. एमसीबी असतो वायरीसाठी, गीझरसाठी नव्हे. करंट दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते, आणि भिंतीच्या आत ती कुणाला दिसत नाही. भार वाढवायचाच असेल तर आधी जाड वायर ओढा, एमसीबी नंतर.

अर्थिंगची वायरच नसली तर काही जण तीन पिनी सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ तुकडा टाकून जोडून देतात. फ्रिज चालतो, सगळे खूश. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला की फ्रिजचा पत्रा थेट फेजवर येतो! असा तुकडा दिसला तर ते सॉकेट त्याच दिवशी बंद करा.

तांबं आणि ॲल्युमिनियम नुसतं पिळून जोडू नका. सांधा सैल होऊन तापतो. त्यासाठीचे वेगळे कनेक्टर मिळतात.

नवा आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच) चढून राहत नाही, सारखा पडतो, ही नेहमीची तक्रार. लगेच त्याला खराब ठरवून बायपास करू नका. गेलेला आणि परतलेला करंट यांत फरक पडला की तो पडतो; घरगुती वापरात ही मर्यादा बहुधा ३० मिलिअँपिअर असते. जुन्या घरात दोन लाइनचे न्यूट्रल एकत्र पिळलेले असले आणि त्यातली एक लाइन या आरसीसीबीवर नसली, तरी हेच होतं. सगळे प्लग काढा आणि एमसीबी एकेक करून चढवा. सगळे खाली असतानाही तो पडला, तर न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकल्याचा संशय घ्या, कारण सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो. पुढचं काम, म्हणजे मेन बंद करून न्यूट्रल एकेक सोडवणं, परवानाधारक वायरमनचं.

आणि टेस्ट बटण दाबून आरसीसीबी पडला म्हणजे अर्थिंग ठीक आहे असं समजू नका. ते बटण अर्थ नसतानाही चालतं.