प्लगइनचा डेटा क्यूजीआयएसच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये ठेवताय? या चुका टाळा

"माझ्या मशीनवर चालतं, सहकाऱ्याने फाइल उघडली की सगळं गायब." क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरसाठी पायथनमध्ये पहिलं प्लगइन (त्याला जोडायचा छोटा प्रोग्राम) लिहिणारा प्रत्येक जण हे विचारतो. अहो, तुम्ही ते सगळं, म्हणजे प्लगइनचा डेटा, क्यूजीएस-सेटिंग्जमध्ये लिहिलंत. ते वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये जातं आणि त्याच संगणकावर राहतं. प्रोजेक्ट फाइलबरोबर जे जायला हवं ते क्यूजीएस-प्रोजेक्टच्या राइट-एंट्रीने लिहा. स्कोपला, म्हणजे नोंदींच्या गटाला, प्लगइनच्या फोल्डरचं नाव द्या. 'डेटा', 'कॉन्फिग' असली नावं उद्या दुसरंही कोणी वापरेल. प्रोजेक्ट व्हेरिएबलमध्ये टाकून डेटा लपला असं समजू नका, प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमध्ये तो सगळ्यांना दिसतो.

रीड-एंट्री, म्हणजे ती नोंद वाचणारं फंक्शन, पायथनमध्ये दोन गोष्टींची जोडी परत देते: नोंदीतलं मूल्य आणि ते सापडलं की नाही. अख्खी जोडी थेट 'इफ'मध्ये टाकली तर उत्तर कायम 'हो'च येणार, कारण जोडी रिकामी नसते. डॉक्युमेंटेशनची एक ओळ वाचायला वेळ नसतो, पण यावर संध्याकाळ घालवायला असतो.

आता माझी सगळ्यात नावडती चूक. लेयरशी (नकाशाच्या एका थराशी) जोडलेली माहिती लोक सेट-कस्टम-प्रॉपर्टीने लेयरवर ठेवतात. जागा बरोबर आहे. पण या कस्टम प्रॉपर्टी स्टाइलचाही (रंग, लेबलं वगैरे मांडणीचाही) भाग असतात, हे फार थोड्यांना माहीत असतं. एका गावाच्या मालमत्ता सर्वेक्षणात मी हे पाहिलंय. प्रत्येक प्रभागाचा वेगळा लेयर, आणि कोणता लेयर डेटाबेसच्या कोणत्या टेबलात पाठवायचा, ते प्लगइनने लेयरच्या कस्टम प्रॉपर्टीत लिहिलेलं. ऑपरेटरने पहिल्या प्रभागाचे रंग आणि लेबलं नीट बसवली आणि कोणीही करेल तेच केलं: कॉपी स्टाइल, बाकीच्या लेयरवर पेस्ट स्टाइल. रंगांबरोबर टेबलाचं नावही सगळीकडे गेलं. मग डेटाबेसला पाठवणारं सिंकचं बटण दाबल्यावर सगळ्या प्रभागांची घरं पहिल्या प्रभागाच्या टेबलात. एररचा एक शब्द नाही, उलट हिरवी पट्टी 'यशस्वी' म्हणतेय. कर आकारणीच्या यादीत एकाच घरक्रमांकाचे दोन-तीन मालक दिसायला लागले तेव्हा कुठे कोणी विचारलं. प्लगइन लिहिणाऱ्याचं म्हणणं, "युजरने स्टाइल कॉपीच का केली?" यावर काय बोलणार!

पेस्ट करताना कस्टम प्रॉपर्टीचा प्रकार वगळता येतो, पण ते ऑपरेटरने लक्षात ठेवावं ही अपेक्षा चुकीची. माझी सवय अशी: जी माहिती लिहितो तिच्याशेजारी त्या लेयरचा आयडी पण लिहितो. वाचताना नोंदलेला आयडी आणि हातातल्या लेयरचा आयडी जुळला नाही, तर नोंद उधारीची समजून टाकून द्यायची आणि वापरकर्त्याला नव्याने विचारायचं. लेयर डुप्लिकेट केला तरी आयडी नवा मिळतो, त्यामुळे तेही पकडलं जातं. चार ओळींचं काम आहे. लेयरच्या नावावर मात्र विसंबू नका; नावं लोक गंमत म्हणूनही बदलतात.

पासवर्ड. क्यूजीझेड ही प्रोजेक्ट फाइल म्हणजे साधी झिप असते. उघडली की आत क्यूजीएस नावाची एक्सएमएल फाइल, आणि तिच्यात तुमची 'गुप्त' नोंद नोटपॅडमध्ये वाचता येईल अशी. बेस-६४ केलं (अक्षरं ठरलेल्या पद्धतीने बदलून लिहिली) म्हणून छाती काढू नका, ते शाळकरी पोरगंही उलगडतं. क्यूजीआयएसमध्ये ऑथेंटिकेशन मॅनेजर आहे. पासवर्ड त्याच्या डेटाबेसमध्ये मास्टर पासवर्डखाली राहतो आणि प्रोजेक्टमध्ये फक्त कॉन्फिगरेशनचा आयडी जातो. सहकाऱ्याला आपला पासवर्ड स्वतः भरावा लागतो, आणि तो भरावाच.

याहून वाईट म्हणजे पायथनचा ऑब्जेक्ट पिकल करून (पायथनच्या स्वतःच्या साठवणीच्या पद्धतीने) ठेवणं. मग कोणीही पाठवलेली फाइल उघडताना त्याचा कोड तुमच्या मशीनवर चालू शकतो. त्याऐवजी जेसन (साध्या मजकुरातला डेटा) वापरा आणि आत आवृत्तीचा आकडा टाका.

इनिट-गुईमध्ये, म्हणजे प्लगइन सुरू होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, डेटा वाचू नका. क्यूजीआयएस सुरू होताना प्लगइन आधी येतं, प्रोजेक्ट नंतर. रीड-प्रोजेक्ट सिग्नलला (प्रोजेक्ट वाचल्याच्या सूचनेला) जोडून घ्या, आणि क्लिअर्ड सिग्नलवर (प्रोजेक्ट रिकामा झाल्याच्या सूचनेवर) मेमरीतलं सगळं पुसा, नाहीतर सकाळच्या प्रोजेक्टचा डेटा दुपारच्या प्रोजेक्टमध्ये लिहिला जाईल. अनलोडमध्ये, म्हणजे प्लगइन बंद होताना, हे सिग्नल सोडवा. प्लगइन रीलोड केल्यावर तेच काम दोनदा होतं ते हे न सोडवल्यामुळेच.

राइट-एंट्रीने डिस्कवर काही जात नाही, वापरकर्ता सेव्ह करेपर्यंत ती मेमरीतच असते. म्हणून काही हुशार लोक प्लगइनमधूनच गुपचूप प्रोजेक्ट सेव्ह करून टाकतात. असलं प्लगइन मी त्याच दिवशी काढून टाकतो. सेव्ह न करणं हाही माणसाचा निर्णय असू शकतो.

फाइलचे पत्ते लिहायचे असतील तर प्रोजेक्टचं राइट-पाथ आणि रीड-पाथ वापरा, 'सी ड्राइव्ह, यूजर्स, अमुक' नको. कीच्या (नोंदीच्या) नावात मोकळी जागा नको आणि सुरुवातीला आकडा नको.

आणि मोठा डेटा, म्हणजे फोटो किंवा हजारो ओळींचा जेसन, एका एंट्रीत कोंबू नका. क्यूजीआयएस ३.२२ पासून त्यासाठी क्रिएट-अटॅच्ड-फाइल हे फंक्शन आहे. क्यूजीझेडमध्ये जोडलेली फाइल आतच बसते. साध्या क्यूजीएससोबत मात्र शेजारी वेगळी अटॅचमेंट्सची झिप तयार होते, तेव्हा मेल करताना दोन्ही फाइली पाठवायला सांगा.