दात शिवशिवतात? आधी कळ ओळखा, मग पेस्ट निवडा

थंड पाण्याचा घोट घेतला की दातातून कळ थेट मस्तकात जाते आणि घोट गिळला की तितक्याच झटकन थांबते. ही साधी संवेदनशीलता, घरच्या घरी बरीच आटोक्यात येते. पण कळ अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त रेंगाळत असेल, गरम लागून ठणका सुरू होत असेल किंवा काहीही न खाता रात्री झोपमोड होत असेल, तर नसेपर्यंत दाह पोहोचल्याची शक्यता असते. चावून दाब सोडताना चमक आली, तर दाताला तडा असू शकतो. अशा वेळी पेस्ट बदलत महिने घालवू नका. त्या वेळात दात वाचवण्याची संधी निसटते.

इनॅमलला, म्हणजे दातावरच्या कडक बाह्य थराला, स्वतःची संवेदना नसते. त्याखालच्या डेंटीनमध्ये मात्र एका चौरस मिलिमीटरमागे हजारो सूक्ष्म नळ्या असतात, द्रवाने भरलेल्या आणि आत नसेच्या दिशेने जाणाऱ्या. इनॅमल झिजलं किंवा हिरडी मागे सरकून मूळ उघडं पडलं की नळ्यांची तोंडं मोकळी होतात. मग थंड, गोड, आंबट, नुसत्या वाऱ्यानेही आतला द्रव हलतो आणि नस कळवळते.

जागा शोधायला आरशासमोर चांगल्या उजेडात ओठ वर उचला. सुळा आणि त्यामागच्या उपदाढा नीट बघा. हिरडीलगत दात पिवळसर दिसतो का? नख दातावरून हळूच हिरडीकडे न्या. ते एखाद्या खाचेत अडकलं, तर बहुधा जोर लावून आडवं घासण्याचा हा परिणाम. उजव्या हाताने ब्रश करणाऱ्यांना तो अनेकदा डाव्या बाजूला जास्त दिसतो. दाढांचे उंचवटे सपाट झाले असतील आणि सकाळी जबडा आंबत असेल, तर झोपेत दात खाण्याची सवय असू शकते.

आता पेस्ट. ट्यूबवरची घटकांची यादी वाचा. ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट नसेला शांत करतं, पण दिवसातून दोनदा वापरूनही पुरता गुण यायला २ ते ४ आठवडे लागतात. स्टॅनस फ्लोराइड किंवा आर्जिनिन असलेल्या पेस्ट नळ्यांची तोंडं बुजवतात. कोणतीही घ्या, सोबत फ्लोराइड हवंच. वाटाण्याएवढी पेस्ट, दोन मिनिटं, मग फक्त थुंका. खळखळून चूळ भरली की औषध बेसिनमध्ये जातं, आणि ‘पेस्टचा उपयोगच नाही’ या तक्रारीचं हे एक मोठं कारण. रात्री ब्रश झाल्यावर दुखऱ्या जागी बोटाने थोडी पेस्ट मिनिटभर चोळा आणि थुंकून झोपा. दुसरी चूक म्हणजे चार दिवसांत सोडून देणं. १२ वर्षांखालच्या मुलांना ही पेस्ट दंतवैद्यांना विचारूनच द्या.

पण झीज चालूच राहिली तर पेस्ट किती पुरणार? मऊ ब्रश पेनासारखा बोटांत धरा, मुठीत नाही. तो हिरडीशी ४५ अंशांत टेकवून छोटे गोल फिरवा. महिनाभरात ब्रशचे दाते फाकले, तर हात अजून जड आहे. दात पांढरे करणाऱ्या खरखरीत पेस्ट सध्या बंद ठेवा.

आंबट खाल्ल्यावर किंवा उलटी झाल्यावर इनॅमलचा पृष्ठभाग मऊ पडतो. लगेच घासलं तर तोच थर खरवडून निघतो. साध्या पाण्याने चूळ भरा, अर्धा ते एक तास थांबा. सकाळी लिंबूपाणी पिणाऱ्यांनी ब्रश आधीच उरकावा. शीतपेय तासभर घोटघोट पिणं हे एकदम संपवण्यापेक्षा दातांना जास्त घातक, कारण प्रत्येक घोटागणिक आम्ल नव्याने लागतं.

लवंगेच्या तेलाने घटकाभर बधिर वाटतं, नळ्या बुजत नाहीत, आणि ते हिरडीला भाजूही शकतं.

महिनाभर हे सगळं नीट करूनही फरक नसेल तर दंतवैद्यांना दाखवा. ते फ्लोराइड वार्निश (फ्लोराइडचा लेप) लावतात, खाच भरतात, दात खाणाऱ्यांना रात्रीचा गार्ड बनवून देतात. जाताना कशाने दुखतं, कोणता दात आणि कळ किती सेकंद टिकते, एवढं लिहून न्या. स्केलिंगनंतर, म्हणजे दंतवैद्यांकडून दात साफ करून घेतल्यावर, काही दिवस दात शिवशिवणं नेहमीचंच. नव्या फिलिंगवर मात्र चावताना टोचत असेल तर ते उंच राहिलं असण्याची शक्यता असते. सवय होईल म्हणून थांबू नका, दंतवैद्यांकडून ते घासून पातळी बरोबर करून घ्या.