वळवाचा पाऊस, गेलेली लाईट आणि सुटलेलं लिखाण

दोन-तीन वर्षं लिखाण सुटलं की परत बसायला मन धजत नाही, आणि बसावं म्हटलं तर वैशाखात नेमकी लाईट जाते. गेल्या आठवड्यात आमच्या दापोलीकडे माडाची झावळी तारेवर पडली, रात्रभर काळोख. त्याच काळोखात माझं लिहिणं पुन्हा सुरू झालं, ते असं:

१. दुपारी आभाळ काळवंडलं की लगेच फोन चार्ज करून घ्या.

२. लाईट गेली की फ्लाइट मोड लावा. टॉवर बंद पडला की फोन रेंज शोधत राहतो आणि बॅटरी त्यातच संपते. फोनमधल्या नोट्समध्ये नेटशिवाय लिहिता येतं.

३. वर तारीख, वार, वारा कुठून सुटलाय ते. मग आज डोळ्यांनी पाहिलेली एकच गोष्ट, पाच ओळींत. मी आमसुलांची लिहिली: अंगणातली सोलं सुपात भरेपर्यंत टपोरे थेंब आले आणि सारवलेल्या खळ्यात लाल ओघळ उतरले.

मधल्या वर्षांचा हिशेब मात्र मांडू नका. मी आधी ३ जून २०२० च्या निसर्ग वादळापासून सुरुवात करायला गेले आणि दुसऱ्या पानावरच अडकले. आजचं लिहायला लागलं की जुनं आपसूक वर येतं, खरंच येतं.

विजा चमकत असताना चार्जरला लावलेल्या फोनवर लिहू नका, चार्जर बोर्डातून काढूनच ठेवा.